महादेव मिस्त्रीची तेलजाळी

पनवेलच्या नाक्यावर हुसेनशेठचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं सायकलचं दुकान. मधे एक पत्र्याची भिंत, तीही अर्धीच. त्यामुळे महादेव मिस्त्रींना मी सतरा वर्षं रोज पाहिलं, आणि जे पाहिलं नाही ते त्यांच्या बायकोकडून, भामावहिनींकडून ऐकलं.

मिस्त्री मूळचे ओवे गावचे. भामावहिनी खाडीकाठच्या मिठागरवाल्या घरातल्या. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच मिस्त्री लढाईच्या भरतीत गेले. ते साल बेचाळीस. लष्कराच्या वर्कशॉपात आसामकडे चार वर्षं त्यांनी ट्रक दुरुस्त केले. तिथेच एका दुपारी दारूगोळ्याच्या गाडीला आग लागून मोठा स्फोट झाला. मिस्त्री शंभर पावलांवर एका इंजिनाखाली झोपून काम करत होते, म्हणून जिवानिशी वाचले, पण कान गेले. उजव्या कानाने काहीच नाही, डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर लांबून कुणी भिंतीपलीकडे बोलावं तसं काहीतरी.

गाडीचा मिस्त्री आधी ऐकतो, मग पाना हातात घेतो. हुसेनशेठ मनाने चांगले, त्यांनी लढाईवरून आलेल्या माणसाला कामावर ठेवलं, पण इंजिनाला हात लावू दिला नाही. पंक्चर काढायची, स्प्रिंगचे पाटे बदलायचे, ग्रीस भरायचं. इंजिनाभोवती बाकीचे मिस्त्री माना तिरक्या करून उभे राहिले की महादेव मिस्त्री लांब उभे राहायचे. कधी कुणाचं लक्ष नसलं की एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ दातात धरायचे. "जबड्यात कळतं थोडं," असं मला एकदा म्हणाले. "पन काय कळतं ते कळत नाय."

भामावहिनी रोज दुपारी भाकरी घेऊन यायच्या. लग्नाआधी त्या फार बोलक्या होत्या म्हणे. नवरा बहिरा होऊन आल्यावर त्यांचं बोलणं हातांत उतरलं होतं. त्यांना काही सांगायचं असलं की मिस्त्रींच्या दंडावर बोटं ठेवायच्या, मिस्त्री वळायचे, मग त्या ओठ सावकाश हलवून बोलायच्या. एका दुपारी गॅरेजात एक टॅक्सी चालू ठेवलेली होती आणि तीन जण तिच्याभोवती वाद घालत होते. वहिनींनी डबा खाली ठेवला, क्षणभर ऐकलं आणि मिस्त्रींच्या दंडावर बोटांनी ठोके दिले. टक, टक, टक, मग एक ठोका हुकला, पुन्हा टक, टक, टक.

"उखळात कांडताना एक बाई चुकते ना," त्या म्हणाल्या, "तसा."

मिस्त्री उठले, कुणाला न विचारता बॉनेटपाशी गेले आणि पाच मिनिटांत एक अडकलेला व्हॉल्व्ह दाखवला. हुसेनशेठ बघत राहिले. मिस्त्री मात्र त्या दिवशी भाकरी न खाता घरी गेले आणि दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी तुज्या कानांवर जगू काय?"

वहिनी म्हणाल्या, "मी काय तुमची गाडी खोलत नाय. ऐकू आलं ते सांगितलं. तुमी मना सांगाल, भामे, कालवणात मीठ आज नीट पडलंय, तर मी रुसेन काय?"

हे मिस्त्रींना पटलं की नाही ठाऊक नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच वहिनींना एका लॉरीपाशी नेलं आणि दंड पुढे केला. तेव्हापासून तसंच चाललं. वहिनींचे शब्द गॅरेजातल्या कुणाच्या पुस्तकातले नव्हते. लाह्या फुटल्यागत, ओलं लाकूड पेटताना फुसफुसतं तसं, जात्यात खडा आल्यागत. मिस्त्रींना त्यातून इंजिन दिसायचं. नाक्यावर टिंगल व्हायची, बायकोच्या कानाने गाडी दुरुस्त करतो म्हणून. त्यांना ती ऐकू यायची नाही आणि वहिनी ती त्यांच्या दंडावर कधी ठोकायच्या नाहीत.

पंचावन्न सालच्या मार्चमध्ये एक दिवस गॅरेजापुढे लढाईनंतर लष्कराने डिस्पोजलमध्ये विकून टाकलेला एक जुना ट्रक येऊन उभा राहिला. स्टिअरिंग डाव्या हाताला, रंग अजून लष्करी हिरवा, मागे बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि मासळीचा वास पार माझ्या दुकानापर्यंत. पुढून पन्नाशीची एक कोळीण उतरली. ती करंजा बंदरावरची कृष्णाबाई. नवरा दम्याने घरी बसल्यावर तिने आणि तिच्या भावांनी मिळून हा ट्रक घेतला होता. मुंबईला मासळी सगळेच नेतात, आपण घाट चढवून पुण्याला न्यायची असं तिच्या मनाने घेतलं होतं.

"ती ऐकणारी बाई हाय ना, तिचा नवरा कुठं हाय?" तिने हुसेनशेठना विचारलं.

दुखणं असं होतं. पनवेलपासून खोपोलीपर्यंत ट्रक सुतासारखा जायचा. घाट लागला की शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे इंजिनातून काहीतरी वाजायला लागायचं, तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा खाली यायचा आणि आनंदा ड्रायव्हर घाबरून गाडी थांबवायचा. तासभर निववायची, पुढे दोन वळणं जायची, पुन्हा थांबायची. तोवर मुंबईहून लाँचेने आणलेला बर्फ वितळून रस्त्यावर. पुण्याला पोचेपर्यंत पापलेटं हाताला मऊ लागायची. दोन ठिकाणी रेडिएटर साफ करून घेतला होता, पंख्याचा पट्टा नवा घातला होता. फरक शून्य.

मिस्त्रींनी गाडी चालू करायला लावली. वहिनी ऐकत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मान हलवून म्हणाल्या, "काय नाय. दळण दळल्यागत एकसारखं."

"इथं नाय वाजायचं," मिस्त्री म्हणाले. "घाटात ऐकाया पायजे."

आनंदा म्हणाला, "मग मिस्त्री, तुम्ही चला की उद्या."

मिस्त्रींनी वहिनींकडे पाहिलं. घाटात जाऊन ऐकायचं तर कुणी जायचं ते सगळ्यांना एकदमच कळलं. वहिनी आयुष्यात चौक गावाच्या पुढे गेल्या नव्हत्या. हुसेनशेठ हळूच म्हणाले, "बाईमाणसाला ट्रकमध्ये बसवून घाटात न्यायचं, मिस्त्री, लोक काय म्हणतील."

"मी बाईमाणूसच हाय," कृष्णाबाई म्हणाली. "आठवड्यातून तीनदा जाते. बसंल माझ्या शेजारी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते निघाले. आनंदा स्टिअरिंगवर, मधे कृष्णाबाई, उजव्या खिडकीशी भामावहिनी. खोपोलीपर्यंत मिस्त्री मागे बर्फाच्या पेट्यांवर बसून आले. घाट सुरू होताच त्यांनी गाडी थांबवायला लावली, बॉनेटची उजवी झडप काढून ठेवली आणि स्वतः उजव्या मडगार्डवर पाय रोवून बसले. एक हात दिव्याच्या दांड्याला, दुसरा इंजिनाच्या अंगावर. गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढत होती. वहिनी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. कृष्णाबाईने मागून त्यांच्या लुगड्याचा काष्टा घट्ट धरून ठेवला होता. ही हकिकत सांगताना वहिनींना दर वेळी हसू यायचं.

दोन मैल काही नाही. मग एका वळणावर वहिनींची बोटं हलली. आधी अगदी हलकं, लांब लांब. "पहिली लाही फुटते तसं," त्या मिस्त्रींच्या तोंडासमोर वाकून म्हणाल्या. पुढच्या वळणावर ठोके जवळ आले. देवळाचं शिखर दिसायला लागलं तेव्हा त्या मुठीने ठोकत होत्या. मिस्त्रींनी हात वर केला. आनंदाने गाडी उभी केली.

मिस्त्रींनी फडक्याने रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी गरम होतं पण उकळलेलं नव्हतं. मग त्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली. पट्टीवरचं तेल धार धरून खाली पळालं. त्यांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं, बोटं भाजली तरी चोळलं, आणि लढाईवरून आल्यापासून वहिनींनी क्वचित पाहिलं असेल असं मोकळं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

"पानी नाय तापत," ते म्हणाले. "तेल तापतंय. पातळ होऊन बेअरिंगवर ठरत नाय. लोखंड लोखंडाला लागतं, ते भामेला ऐकू येतं. रेडिएटर कितीबी धुवा, त्याचा दोष नाय."

"कढई तापली की तेल पाण्यावानी पळतं, तसं," कृष्णाबाई म्हणाली.

तिचं बोलणं वहिनींनी मिस्त्रींना ओठांनी सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलावली. "तेलाला निववायला पायजे. लढाईत रणगाड्यांना तेलाची वेगळी जाळी असायची, वाऱ्यावर. तशी करतो."

हुसेनशेठना हे काही रुचलं नाही. कंपनीने जे दिलं नाही ते नाक्यावरचा मिस्त्री देणार, उद्या इंजिन जाम झालं तर नाव गॅरेजचं जाणार. कृष्णाबाई म्हणाली, जाम झालं तर माझं. आठवड्यातले दोन दिवस ट्रक तिने गॅरेजात सोडला.

मिस्त्री तांब्याची नळी घेऊन बाजारातल्या काशीराम तांबटाकडे गेले. काशीरामने जन्मभर हंडे आणि बंब घडवले होते, ट्रकचं काम कधी केलं नव्हतं. नळी वाकवताना चपटी होऊ नये म्हणून त्याने तिच्यात बारीक वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद केली, आच दिली आणि लाकडाच्या खुंट्यांभोवती फिरवत फिरवत सात वेढ्यांची जाळी केली. जिलबी उलगडून सरळ मांडावी तशी ती दिसत होती. वाळू झाडून मिस्त्रींनी नळी तीन वेळा रॉकेलने धुतली. एक कण राहिला तर इंजिन खाईल, म्हणून चौथ्यांदा वहिनींनी धुतली. मग वेढ्यांमध्ये पत्र्याच्या पट्ट्या डाख देऊन बसवल्या, वाऱ्याला जास्त अंग मिळावं म्हणून.

इंजिनातून तेलाच्या फिल्टरकडे एक बारीक नळी जायची. मिस्त्रींनी ती मधे तोडली. तिथून तेल नव्या जाळीत न्यायचं, जाळी रेडिएटरच्या पुढे, सगळ्यात आधी वारा लागेल अशी, आणि तिथून फिल्टरमार्गे परत खाली तेलाच्या टाकीत. त्यांनी तोडीच्या जागी जरा मोठं भोक पाडून जाड नळी लावली होती, जास्त तेल फिरावं म्हणून. गाडी चालू केली आणि एका जागी हळू चालत ठेवली तर तेलाच्या घड्याळाचा काटा खाली बसला. वहिनींचा हात लगेच दंडावर आला. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि खाली बसून विचार करत राहिले. सगळं तेल जाळीकडेच पळत होतं, बेअरिंगला दाब उरत नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यांनी पितळेचं एक बूच घडवलं, त्याला सुईएवढं भोक पाडलं आणि ते नळीच्या तोंडात बसवलं. थोडंच तेल जावं, पण सतत जावं. काटा जागेवर उभा राहिला.

शनिवारी मासळी भरून ते सगळे पुन्हा निघाले, पण खोपोलीच्या पुढे काही गेले नाहीत. गावात शिरताना आनंदाला मागच्या रस्त्यावर तेलाची रेघ दिसली. जाळी हादऱ्याने हलत होती, इंजिन वेगळं हलत होतं, आणि दोघांच्या ओढाताणीत डाखाचा सांधा तडकला होता. चार पेट्या मासळी, वर चैत्राचं ऊन, आणि गाडी दिवसभर हलणार नाही.

मिस्त्री रस्त्याच्या कडेला बसले. ते कृष्णाबाईकडे बघेनात.

कृष्णाबाईने आनंदाला पेट्या उतरवायला सांगितल्या. "पुणं नाय तर खोपोली," ती म्हणाली. "इथं गिरणीची, पावरहाऊसची मानसं हायेत. ती काय मासळी खात नाय?" रस्त्याच्या कडेला झाडाखाली तिने पाट्या मांडल्या. वहिनी तिच्या शेजारी बसल्या आणि थोड्या वेळाने, लाज सोडून, ओरडायला लागल्या. ताजं पापलेट, करंज्याचं पापलेट. मिठागरात लांबच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला तो आवाज होता. माणसं वळून बघायची, थांबायची.

मिस्त्री तडकलेला सांधा सोडवत होते. त्यांनी मान वर केली तर बायकोचं तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि माणसं तिच्या दिशेने येतायत. पाना हातात तसाच राहिला. आनंदाने मला सांगितलं की ते बराच वेळ नुसते बघत बसले होते.

पेट्या रिकाम्या झाल्यावर दोघी चहा पीत बसल्या तेव्हा कृष्णाबाईने विचारलं, "तुझा आवाज आठवतो काय गो त्याला?"

वहिनींनी नऊ वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. परत पनवेलकडे येताना, सांधा कापडाने बांधून गाडी हळूहळू चालली होती आणि दोघं मागच्या रिकाम्या फळ्यांवर बसली होती, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या दंडावर बोटं ठेवली आणि विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "सहा महिने तर ऐकला. त्यात तू अर्धा वेळ भांडायचीस."

मग म्हणाले, "भांडायचीस तो आठवतो. चांगला आठवतो. आज तू वरडत होतीस तवा तोच लावला मी तुज्या तोंडाला."

वहिनी म्हणायच्या, त्यानंतर पनवेलपर्यंत मी हात त्यांच्या दंडावरून काढला नाय.

पुढच्या दोन दिवसांत मिस्त्रींनी जाळी उतरवून पुन्हा बसवली. या वेळी जाळीखाली जुन्या टायरचे रबरी तुकडे दिले आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला मधेच एक मोठा गोल वेढा दिला, हादरा त्या वेढ्यात जिरावा म्हणून. सांध्याला डाखावर भरवसा न ठेवता पितळेचा पेच लावला. काशीराम तांबट स्वतः येऊन बघून गेला आणि वेढ्यावरून बोट फिरवून म्हणाला, "हे आधीच सुचायला हवं होतं, मिस्त्री. बंबाच्या नळीलापण आम्ही असाच देतो." मिस्त्रींनी त्याचे ओठ वाचले आणि कबूल केलं.

मंगळवारी सकाळी ते घाटाच्या तोंडाशी आले. मिस्त्री मडगार्डवर, वहिनी खिडकीत, काष्टा कृष्णाबाईच्या मुठीत. दोन मैल गेले. ते वळण आलं, गेलं. वहिनींचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता आणि हलत नव्हता. मिस्त्रींनी मान वळवून विचारलं, "काय?" वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वहिनींनी पंजा त्यांच्या पाठीवर सपाट ठेवला आणि जातं फिरावं तसा हळूहळू गोल फिरवत राहिल्या. मिस्त्री पुढे वळले. देऊळ आलं. आनंदा तिथे नेहमी गाडी निववताना शिंग्रोबाला नाणं वाहायचा. आज गाडी थांबणार नव्हती, म्हणून त्याने ते चालत्या गाडीतूनच फेकलं आणि हात जोडले. तेलाच्या घड्याळाचा काटा होता तिथून केसभरच हलला होता.

खंडाळ्याला थांबल्यावर कृष्णाबाई आधी मागे गेली. पेटीचं झाकण उचलून तिने भुशात हात घातला आणि बर्फाचा मोठा तुकडा, अजून धारदार कडा असलेला, काढून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवला. मिस्त्रींनी तो पाणी होईपर्यंत हातात धरून ठेवला.

तो ट्रक आणखी आठ वर्षं घाट चढला. मधे दोनदा इंजिन उतरवलं, जाळी तीच राहिली. कृष्णाबाईचं बघून नाक्यावरच्या दुसऱ्या डिस्पोजलच्या गाड्यांनाही मिस्त्रींनी जाळ्या बसवल्या, अकरा की बारा. सगळ्या नीट चालल्या असं नाही. एकीचं भोक बुजलं, एकीने तेल गळवलं आणि मालकाने ती उपटून टाकली. पण इंजिनाला हात लावू नको असं महादेव मिस्त्रींना त्यानंतर कुणी म्हटलं नाही. हुसेनशेठनी गॅरेजच्या आत, ऊन लागणार नाही अशा जागी, वहिनींसाठी एक पाठीची खुर्ची आणून ठेवली आणि दरमहा त्यांनाही वेगळा पगार सुरू केला. वहिनींना तो घेताना फार संकोच वाटायचा.

साठ-एकसष्टच्या सुमाराला लोणावळ्याकडचा एक ड्रायव्हर नवी कोरी गाडी घेऊन आला. घाईत होता. गाडी चालूच ठेवून तो मिस्त्रींच्या कानाशी ओरडायला लागला, काय दुखतंय, कधीपासून दुखतंय, कोण काय म्हणालं. मिस्त्रींनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं. मग हाताने त्याला बाजूला केलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. वहिनी उठून येत होत्या, डोक्यावरचा पदर कानामागे सारत.

"गप रावा जरा," मिस्त्री त्याला म्हणाले. "तिला ऐकू दे."